समजून घ्या : होडीचं इंजिन इंचभर वर-खाली बसलं तर काय बिघडतं?

नारळी पौर्णिमेनंतर कोकण किनाऱ्यावरच्या होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. पावसाळ्यात काढून ठेवलेली आउटबोर्ड इंजिनं मागच्या फळीवर चढतात आणि पहिल्याच फेरीत तक्रार येते, 'इंजिन बोंबलतंय, पण होडी पुढे सरकत नाही.' मग पंख्याला दोष दिला जातो, नाहीतर पेट्रोलला. त्याआधी तपासायला हवी ती इंजिनाची उंची.

मोजायचं कुठून?

पंख्याच्या बरोबर वर एक आडवी चपटी प्लेट असते. तिला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. खरं तर हे नाव चुकीचं आहे. कॅव्हिटेशन म्हणजे दाब घटल्यामुळे पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे तयार होणं. ही प्लेट अडवते ती पाण्याच्या पृष्ठभागावरून पंख्याकडे ओढली जाणारी हवा. असो, नाव रुळलंय.

ही प्लेट होडीच्या तळाच्या रेषेत किंवा त्याखाली साधारण इंचभर असावी. होडी किनाऱ्यावर असतानाच हे तपासता येतं. इंजिन चालवताना असतं तसं सरळ उभं करा आणि एक सरळ लाकडी पट्टी तळाला लावून मागे इंजिनापर्यंत न्या. प्लेट पट्टीच्या किती वर किंवा खाली आहे ते लगेच दिसतं. तळाचा कणा थेट मागच्या फळीपर्यंत येत असेल तर त्याच्यामागे पाणी घुसळलेलं असतं, त्यामुळे इंजिन थोडं खालीच ठेवलेलं बरं.

चूक झाली तर?

इंजिन जास्त वर असेल तर पंखा हवा खातो. इंजिनाचे फेरे एकदम वाढतात, जोर मात्र मिळत नाही. वळताना किंवा लाटेवर हे हमखास जाणवतं. खाडीच्या मुखाशी लाटा फुटत असताना असं झालं तर होडी आडवी व्हायला वेळ लागत नाही. दुसरा धोका पटकन दिसत नाही. इंजिन थंड ठेवणारं पाणी ज्या जाळीतून आत येतं, ती खालच्याच भागात असते. ती पाण्याबाहेर राहिली तर पंपाचं रबरी चाक कोरडं फिरून खराब होतं आणि इंजिन तापतं. म्हणून मागून पडणाऱ्या पाण्याच्या धारेवर लक्ष ठेवा. ती तुटली की इंजिन बंद करा.

जास्त खाली असेल तर धोका कमी, पण खर्च वाढतो. पाण्याचा अडथळा वाढतो, स्टिअरिंग जड होतं, मागे फवारा उडतो आणि पेट्रोल जास्त जळतं.

खरेदी करतानाच पाहा

इंजिनाच्या शाफ्टची लांबी साधारण 15, 20 किंवा 25 इंच असते. मागच्या फळीची उंची मधोमध, वरच्या कडेपासून तळापर्यंत मोजा आणि तिला जुळणारा शाफ्ट घ्या. 20 इंची फळीवर 15 इंची इंजिन स्वस्तात मिळालं म्हणून बसवलं, तर बोल्ट सरकवून काही उपयोग नाही.

मोठ्या इंजिनांना बोल्टसाठी एकाखाली एक भोकं असतात, त्यांतलं अंतर साधारण पाऊण इंच. आधी खाली बसवा, नेहमीचं वजन घेऊन चालवून पाहा, मग एकेक भोक वर न्या. वळणावर पंखा हवा खाऊ लागला की एक भोक खाली या. पूर्ण थ्रॉटलवर फेरे मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेतच असावेत. फळीतली जुनी भोकं मरीन सीलंटनं बुजवा, नाहीतर लाकूड आतून कुजतं. पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा एकदा आवळा.