आधी ओटा, माळा शेवटी

सकाळी ८
कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचं घर. सत्तरीच्या काकू, मुलगा आणि सून. घर आवरायला मदत करणं हे माझं काम. कशालाही हात लावण्याआधी मी प्रत्येक घरात एकच विचारते: रोज काय शोधावं लागतं?

"गोळ्या, आणि डॉक्टरांची फाइल," काकू म्हणाल्या. सून म्हणाली, "डब्यांची झाकणं." मुलाने माळ्याकडे बोट दाखवलं. "ताई, आधी हा रिकामा करू या."

माळा आज नाही. तिथलं सामान वर्षभर कुणाला लागलेलं नसतं. तो रिकामा केला तरी उद्या सकाळी काकूंना गोळ्या शोधाव्या लागणारच. शिवाय एकदा सगळं खाली आलं की हॉल भरतो, दुपारपर्यंत माणसं थकतात आणि संध्याकाळी तेच सामान पुन्हा वर चढतं. जपानच्या मारी कोंडो कपड्यांपासून सुरुवात करायला सांगतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण आपल्या कपाटात साड्या असतात, आणि एकेक साडी म्हणजे कुणाचं लग्न, कुणाचं डोहाळजेवण. टाकायची सवय नसलेल्या हाताला तिथून सुरुवात जड जाते.

मी पोती, मार्कर आणि जुन्या चादरी घेऊन येते. नवे डबे विकत आणू नका, असं आधीच फोनवर सांगितलेलं असतं. किती डबे लागतील ते पसारा कमी झाल्यावरच कळतं, आणि बहुतेकदा घरातलेच पुरतात.

८.३०
औषधांचा डबा. सुरुवातीला याच्याइतकी सोपी जागा नाही, कारण इथे निर्णय तारखेने आधीच घेतलेला असतो. अर्धवट पाकिटं, घट्ट झालेली खोकल्याची बाटली, डोळ्यांचे थेंब, आणि त्यातच पाऱ्याचा फुटका थर्मामीटर, संपलेले सेल. २०१६ च्या घनकचरा नियमांनी जुनी औषधं, सेल, सुया, सीएफएल दिवे, रंगाचे डबे हे सगळं घरगुती घातक कचऱ्यात धरलं. ते ओल्या-सुक्यात मिसळायचं नाही. वेगळ्या पिशवीत भरून वर मार्करने नाव लिहिलं.

काकूंच्या चालू गोळ्या आणि डॉक्टरांची फाइल त्यांच्या पलंगाजवळच्या खणात गेली. त्यांनी खण दोनदा उघडून बघितला. दिवसाचं पहिलं काम झालं.

९.१५
स्वयंपाकघर. इथे मी वेळ घेते.

आधी सगळे डबे आणि झाकणं चादरीवर मांडून जोड्या लावल्या. बिनझाकणाचे डबे, श्रीखंडाचे आणि आइस्क्रीमचे प्लॅस्टिकचे डबे एका पोत्यात. सून भराभर उचलत होती. एक पितळी डबा तिने पोत्याकडे नेला तशा काकू म्हणाल्या, "अगं, तो राहू दे." "आई, तुम्ही तो कधी वापरता?" मी दोघींना थांबवलं. माझा एवढा एकच कडक नियम आहे: ज्याची वस्तू, त्यानेच ती हातात घेऊन ठरवायचं. दुसऱ्याने परस्पर टाकलेली एक वस्तू माणसाला सावध करते, मग पुढे तो फुटकी बशीसुद्धा सोडत नाही. डबा राहिला. त्यानंतर काकूंनी आपणहून तीन कढया बाजूला काढल्या.

नाव घातलेली भांडी आली. वास्तुशांत, मुंज, साखरपुडा. कुणी दिलं आणि कोणत्या तारखेला, हे कोरलेलं. ती आज ठरवायची नाहीत. एका खोक्यात, वर चिठ्ठी.

उरलेल्याची मांडणी सोपी होती. पोळपाट-लाटणं, कुकर, तवा, रोजची पातेली कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत. आठवड्याने लागणारं त्याच्या वर. सोऱ्या, मोदकपात्र, करंजीचं कातणं अशी सणाची सगळी साधनं एकाच डब्यात, सगळ्यात वरच्या फळीवर. आतापर्यंत दिवाळीला सोऱ्या मिळेपर्यंत भाजणी तशीच पडून राहायची, असं सून म्हणाली.

१०.४५
कचरा घ्यायला 'स्वच्छ'च्या ताई दारात आल्या. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, त्यातून पुढे ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली. सुका कचरा विकून आलेले पैसे त्यांच्या कमाईचा भाग असतात. म्हणून प्लॅस्टिकचे डबे आम्ही धुऊन, पुसून दिले. खरकटा डबा त्यांच्या हातांना त्रास आणि विकताना तोटा. घर आवरणाऱ्याने दाराबाहेरच्या या माणसाचाही विचार करायला हवा, असं मला फार वाटतं.

१
जेवण. जेवताना आवराआवरीचा विषय काढायचा नाही.

२
कपडे. सकाळभर हात सरावला होता, म्हणून आता कपाट. रोजचे, बाहेरचे, न होणारे असे ढीग पलंगावर. चांगले कपडे बोहारणीला, ती त्यावर भांडं देईल. (नवं भांडं घेण्याआधी ते ठेवणार कुठे, हे ठरवा.) विरलेल्या मऊ सुती साड्या काकूंनी गोधडीसाठी वेगळ्या काढल्या. शिवणारी बाई ठरलेली आहे, म्हणून मी होकार दिला. ती ठरली नसती तर त्या वर्षानुवर्षं तशाच राहिल्या असत्या. पैठणी प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून जुन्या मलमलीत गुंडाळली आणि घडी बदलली, कारण एकाच घडीवर रेशीम चिरतं. डांबरगोळ्यांऐवजी वेखंडाची पुरचुंडी.

काकांचे शर्ट एका कप्प्यात इस्त्री केलेले होते. तो कप्पा आम्ही बंद केला.

४
कागद. घरात खरं नुकसान होतं ते इथे, घाईने रद्दी घालण्यात. घराचा करारनामा, इंडेक्स टू, सोसायटीचं भागप्रमाणपत्र, सातबारा, विमा, मृत्यूचा दाखला हे एका फाइलमध्ये, आणि ती कुठे आहे हे तिघांनाही ठाऊक. विजेची जुनी बिलं, लग्नपत्रिका, हप्ते फिटलेल्या फ्रिजची पत्रकं रद्दीत. मधेच काकांच्या नावाचे कागदी शेअर निघाले. मुलगा म्हणाला, आता याचं काय होणार? सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही तर तो आणि ते शेअर केंद्राच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातात, पण वारसाला अर्ज करून परत मागता येतात. ती पाकिटं वेगळी ठेवली.

तळाशी मोडीतले काही कागद होते, कडा खाल्लेले. काकूंच्या सासऱ्यांच्या गावच्या घरातून आलेले. असे कागद रद्दीत जाऊ नयेत म्हणून इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले. १९१० मध्ये त्यांनी स्थापन केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे. त्यात काही नसेलही, फक्त धान्याचा हिशेब असेल. पण वाचून घेतल्याशिवाय ठरवायचं नाही. मुलगा शनिवारी तिकडे जाणार आहे.

५.३०
भरलेली पोती आजच्या आज घराबाहेर. रात्रभर दाराशी राहिली तर सकाळी त्यातल्या निम्म्या वस्तू परत आत येतात. रद्दीवाला वजन करून गेला, घातक कचऱ्याची पिशवी मुलगा महापालिकेच्या संकलन केंद्रावर घेऊन निघाला.

पुढच्या वेळी बाथरूमचं कपाट आणि चपलांचं रॅक. माळा त्यानंतर, आणि तेव्हाही एका वेळी एकच ट्रंक खाली उतरवायची. काकूंनी ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं आणि माझ्यासाठी चहा टाकला. चहापत्तीचा डबा या वेळी शोधावा लागला नाही.