पऱ्हाटी पांढरी असेपर्यंत

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याने गेल्या वीस वर्षांत कॅमेरे पुष्कळ पाहिले. कास्तकारांच्या आत्महत्यांच्या बातम्या देशभर जात होत्या त्या काळात वाहिन्यांच्या गाड्या आमच्या खेड्यांत यायच्या. नवरा गेलेल्या बाईला दारात बसवून प्रश्न विचारायच्या आणि दिवस मावळायच्या आत महामार्गाला लागायच्या. २०१८ साली नरभक्षक ठरवलेल्या टी-वन वाघिणीचा, म्हणजे अवनीचा शोध चालू होता तेव्हाही तेच झालं. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या भागात ती मारली गेली आणि थोड्याच दिवसांत गाड्या दिसेनाशा झाल्या. २०२१ मध्ये ‘शेरनी’ हा हिंदी चित्रपट आला. तो बघताना इकडच्या माणसाला अवनी आठवणारच, पण पडद्यावरचं जंगल मध्य प्रदेशातलं होतं.

इथल्या पोरांनी आपली फिल्म आपण करावी असं मला मनापासून वाटतं ते यामुळे. आणि ते होऊ शकतं, हे याच वीस वर्षांतल्या विद्यार्थी चित्रपटांकडे मागे वळून पाहिलं की पटतं.

२००४ मध्ये उमेश कुलकर्णी यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ‘गिरणी’ केली. घरात पिठाची गिरणी येते आणि तिच्या घरघरीत एका मुलाचं बालपण भरडलं जातं, एवढीच गोष्ट. पण ती कानाने ऐकायची गोष्ट आहे. तेव्हा तिथले पदविका चित्रपट रिळावर होत. पस्तीस मिलिमीटरची हजार फुटांची फिल्म अकरा मिनिटांत संपते आणि चारशे फुटांची साडेचार मिनिटांच्या आतच. विद्यार्थ्याच्या वाट्याला फिल्म मोजूनच येई. म्हणून दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी आणि संकलन शिकणारी मुलं आधी कागदावर भांडत. हा शॉट कशाला, तो कुठे जोडायचा, कोणाच्या नजरेतून आहे? बटण दाबायच्या आधी अर्धी फिल्म बोलून झालेली असे. मोबाइल आला आणि ही शिस्त गेली. आता सकाळपासून दुपारपर्यंत चित्रित होतं, मेमरी भरते, आणि संकलनाला बसल्यावर कळतं की माणूस दारातून आत येतानाचा शॉटच नाही.

तरी माझ्या लेखी खरं वळण ‘पिस्तुल्या’चं. नागराज मंजुळे तेव्हाच्या अहमदनगरला जनसंज्ञापन शिकत होते. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्यांनी हा लघुपट केला, आणि ५८व्या राष्ट्रीय पुरस्कारांत, कथाबाह्य विभागात, दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा सन्मान त्याला मिळाला. फिल्म इन्स्टिट्यूट नव्हे, मुंबई नव्हे. जिल्ह्याच्या गावातलं साधं कॉलेज. शाळेची ओढ असलेल्या मुलाच्या भूमिकेत सूरज पवार होता. तो पुढे ‘फँड्री’त आणि ‘सैराट’मध्येही दिसला. विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये जमलेली माणसं अशी पुढच्या कामांत सोबत येतात.

२०२४ मध्ये कान महोत्सवात फिल्म स्कूलांच्या विभागाचं पहिलं बक्षीस ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ या कन्नड लघुपटाला मिळालं. म्हातारी कोंबडा चोरते आणि सूर्य उगवायचा थांबतो, अशी ती लोककथा. पुण्याच्याच संस्थेत दूरचित्रवाणीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करणाऱ्या मुलांनी ती चार दिवसांत चित्रित केली. दिग्दर्शक चिदानंद नाईक यांचं नाव सगळ्यांनी वाचलं. पण कॅमेरा सूरज ठाकूर, संकलन मनोज व्ही. आणि ध्वनी अभिषेक कदम, ही नावंही तेवढीच महत्त्वाची. चार दिवसांत काम उरकतं ते चौघांनी एकच फिल्म मनात पाहिलेली असते म्हणून. आमच्याकडे फिल्म करणाऱ्या पोरांच्या गटांत बहुतेक वेळा पाच जणांच्या मनात पाच फिल्मा असतात.

पांढरकवड्यात नियोजन म्हणजे आधी पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं वेळापत्रक. गोष्ट कास्तकाराची असेल तर सीतादहीची पूजा होऊन वेचणी लागते तेव्हाचं वावर वेगळं आणि पहिला वेचा झाल्यावरचं वेगळं. आज पांढऱ्याशुभ्र बोंडांमध्ये उभ्या असलेल्या बाईचा अर्धा प्रसंग घेतला आणि उरलेला आठ दिवसांनी घ्यायला गेलात, तर मागचं वावर वेचून मोकळं झालेलं असतं. कुठलंही सॉफ्टवेअर ते भरून आणत नाही, आणि तुमच्या शॉटसाठी कापूस झाडावर राखून ठेवा असं कास्तकाराला सांगायचा हक्क कोणाला नाही. म्हणून वावरातले सगळे प्रसंग, कथेत ते कुठेही येवोत, सलग घ्यायचे, घरातले नंतर. वेचणाऱ्या बायांची मजुरी किलोवर असते. त्यांना थांबवून घेतलेल्या शॉटचे पैसे खर्चाच्या कागदात पहिल्या ओळीत लिहावेत.

आवाजाचं दुखणं वेगळंच. श्रीनगर-कन्याकुमारी महामार्ग आमच्या उशाशी आहे. ट्रकचा घरघराट डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे जागा बघायला गेलेलं पोरगं फोटो काढून आणतं आणि आवाज ऐकायचं विसरतं. जागा ठरवताना पाच मिनिटं डोळे मिटून बसावं. प्रत्येक ठिकाणचा नुसता शांतपणा, कोणी बोलत नसतानाचा, मिनिटभर वेगळा ध्वनिमुद्रित करून ठेवावा. दोन वाक्यांमधली फट पुढे त्यानेच बुजते.

संकलनाला मात्र शक्यतो वावरात न गेलेला मुलगा बसवावा, असं माझं ठाम मत आहे. ज्याने भर उन्हात बैलगाडीच्या मागे धावून शॉट घेतला, त्याला तो कापवत नाही. त्याला शॉटसोबत घामही दिसतो. बाहेरच्याला फक्त शॉट दिसतो. पहिल्या जोडणीत सगळ्यांचं सगळं असू द्यावं, दुसऱ्या जोडणीपासून गोष्टीला नको ते जावं. इथे गट मोडतात. मैत्री मोडलेलीही मी पाहिली आहे. आधीच एकाच्या हाती शेवटचा शब्द दिलेला असेल तर निभतं.

आणि भाषा. कट्ट्यावर ठणठणीत वऱ्हाडी बोलणारं पोरगं कॅमेरा सुरू झाला की पुस्तकातलं मराठी बोलायला लागतं. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ मी यासाठी पुन्हा पुन्हा पाहायला सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, गावच्याच माणसांना घेऊन केलेला तो चित्रपट २०२३ मध्ये टोरोंटोच्या महोत्सवाला गेला आणि तिथे नेटपॅक पुरस्कार घेऊन आला. त्यातली माणसं घरी बोलतात तसंच बोलतात, आणि परदेशातल्या प्रेक्षकाला ते कुठे अडलं नाही. म्हणून आमच्या गटांना मी सांगतो, म्हाताऱ्या आजीच्या तोंडी लिहिलेलं वाक्य देऊ नका. प्रसंग सांगा आणि ती काय म्हणते ते ऐका. त्यात वारा शिरला असेल तर बंद खोलीत तिच्याकडून ते पुन्हा म्हणवून घ्यायचा मोह होतो. एकदा म्हणवून बघावं आणि दोन्ही शेजारी लावून ऐकावं. बहुतेक वेळा वाऱ्यातलंच ठेवावं लागतं.