दहा मिलिलिटर पाणी

"ताप नाही हो. पण कालपासून विचारतायत, मी आज कामावर का गेलो नाही? रिटायर होऊन दोन वर्षं झाली," काकू सांगत होत्या. घाटकोपरच्या त्या वॉर्डात काका डोळे अर्धवट मिटून पडले होते. हातपाय काटकुळे, पोट मात्र घागरीसारखं. लिव्हर सिरोसिस, त्यातून जलोदर.

ताप नाही, हेच फसवं. आतड्यांकडून येणारं रक्त यकृत गाळून घेतं. ही गाळणी निबर झाली की ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारखे आतड्यातले जंतू निसटतात आणि पोटातल्या पाण्यात वाढतात. थकलेलं शरीर दरवेळी बोंब मारतंच असं नाही. कधी भ्रम, कधी कमी झालेली लघवी, एवढीच खूण.

रेसिडेंट डॉक्टरांनी टॅपिंग करायचं ठरवलं. काकू दचकल्या. "पाणी काढलं की माणूस राहत नाही म्हणतात."

"लोक पाणी काढायला फार उशिरा आणतात, काकू. आज तपासण्यापुरतंच घेणार आहे."

सही झाली. डॉक्टरांनी पोटावर बोटं ठोकून बद्द आवाजाची जागा शोधली, सोनोग्राफीनं आतडं दूर असल्याची खात्री केली. डावीकडे, खालच्या अंगाला बीटाडीन, मग भुलीचं इंजेक्शन. कातडी किंचित खाली ओढून सुई आत घातली. सुई काढून कातडी सोडली की वरचं आणि आतलं भोक एका रेषेत राहत नाही, पाणी झिरपत नाही. सिरिंजमध्ये चढलेलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ होतं. थोडं जांभळ्या झाकणाच्या नळीत, पेशी मोजायला. दहा मिलिलिटर तिथेच, खाटेपाशी, कल्चरच्या बाटलीत. असं भरलं तर जंतू सापडण्याची शक्यता वाढते.

एका घन मिलिमीटरमध्ये न्यूट्रोफिल पेशी २५० किंवा अधिक निघाल्या, तर कल्चरची वाट पाहायची नसते. काकांचा आकडा त्याच्या कितीतरी वर होता. लगेच अँटिबायोटिक सुरू झालं. सोबत अल्ब्युमिन, त्यानं मूत्रपिंडं सावरतात आणि मृत्यू घटतात, हे १९९९ साली स्पेनमधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. पहिल्या दिवशी किलोमागे दीड ग्रॅम. काकांचं वजन ६० किलो, म्हणजे २० ग्रॅमच्या साडेचार बाटल्या. मुलगा चिठ्ठी घेऊन केमिस्टकडे धावला.

दोन दिवसांनी पेशी उतरल्या का, हे पाहायला पुन्हा टॅपिंग करायचं होतं. राउंडला डॉक्टर आल्या तेव्हा काका उशीला टेकून चहा मागत होते. काकू उठून उभ्या राहिल्या. "मॅडम, आज पाणी कधी काढणार?"