किट कार आणि अर्थिंगची वायर
सुटे भाग विकत घेऊन घरीच जोडायची मोटार म्हणजे किट कार. ब्रिटनमध्ये १९५७ साली आलेली कॉलिन चॅपमन यांची ‘लोटस सेव्हन’ हे तिचं गाजलेलं उदाहरण. तयार मोटारीवरचा खरेदी कर अशा जोडणीत वाचत असे. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत संपली.

या गाड्यांत हमखास छळणारा दोष विजेचा. नेहमीच्या गाडीचा पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. दिव्यातला प्रवाह त्याच वाटेनं परततो. किट कारची मडगार्डं मात्र बहुधा फायबरग्लासची असतात आणि फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. म्हणून तिथल्या प्रत्येक दिव्याची अर्थिंगची वायर सांगाड्यापर्यंत न्यावी लागते. जोडाखालचा रंग खरवडून धातू उघडा करावा आणि नट घट्ट आवळावा.

इंडिकेटर लावताच भलताच दिवा मिणमिणला, तर बल्ब बदलण्याआधी अर्थिंग तपासा. दिवा चालू ठेवून, त्याचं अर्थिंग आणि बॅटरीचं ऋण टोक यांमधलं व्होल्टेज मल्टिमीटरनं मोजा. ते शून्याच्या जवळ हवं. एखादा व्होल्ट दिसला, तरी जोड खराब आहे असं समजा.

आणि गाडी थोडी चालली की सगळे नट-बोल्ट पुन्हा तपासा; स्टिअरिंगचे आणि ब्रेकचे सर्वांत आधी.