तास संपल्यानंतरचे टाचण

इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून शिकवावे, या प्रश्नावर आपल्याकडे इतकी व्याख्याने झाली आहेत की त्यांत आणखी एकाची भर घालण्याची आमची इच्छा नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले आणि तो वाद निदान कागदावर तरी मिटला. परंतु पन्नास-साठ मुले समोर बसली असता ते शिकवावे कसे, हे सांगण्याचा अधिकार खरे पाहता ज्यांचा, त्या शिक्षकांना मात्र आपण क्वचितच बोलते करतो.

शिक्षक लिहीत नाहीत असे नाही. पाठाचे टाचण काढल्यावाचून वर्गात जाण्याची मुभाच त्यांना नसते. हेतू, साहित्य, प्रश्न, फलकलेखन, सारे रकाने भरलेले असतात व खाली मुख्याध्यापकांची सही असते. पण हे झाले तासापूर्वीचे लेखन. तास संपल्यावर काय घडले, कोणता प्रश्न फसला, कोणता मुलगा कुठे अडला, याला त्या वहीत रकाना नाही. ज्या थोड्या शिक्षकांनी हा रकाना स्वतः आखून घेतला, त्यांच्याविषयी आम्ही येथे बोलणार आहोत.

पहिले मायकेल वेस्ट. हे गृहस्थ सरकारी शिक्षणखात्यात होते आणि ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी बंगालमधील शाळांत पाहिले ते आपल्यालाही परके वाटू नये. मुले वर्षानुवर्षे इंग्रजीचे तास करीत, शब्दांचे अर्थ पाठ करीत, आणि साधे पुस्तक हाती दिले की अडखळत. वेस्ट यांनी मुलांना दोष दिला नाही, क्रमिक पुस्तकच तपासले. त्यात नवे शब्द दाटीवाटीने येत आणि एकदा भेटलेला शब्द पुन्हा भेटत नसे. शिवाय पुष्कळ शब्द जुनाट व ग्रंथांतले. त्यांनी 'मोड'च्या जागी 'वे' घातला, 'आइल'च्या जागी 'आयलंड' घातले; नवे शब्द विरळ पेरले व तेच पुन्हापुन्हा येतील अशी व्यवस्था केली. या प्रयोगांचा वृत्तांत १९२६ साली कलकत्त्याहून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

त्या ग्रंथातली एक कल्पना आम्हाला फार मोलाची वाटते. विम्याची पॉलिसी मुदतीपूर्वी मोडली तरी काही रक्कम हाती पडते. तिला 'सरेंडर व्हॅल्यू' म्हणतात. वेस्ट यांनी विचारले की, शाळा मध्येच सोडणाऱ्या मुलाच्या हाती इंग्रजीची किती रक्कम पडते? त्यांच्या काळी बहुतेक मुले शेवटच्या परीक्षेपर्यंत पोहोचतच नसत, आणि अभ्यासक्रम मात्र पोहोचणाऱ्यांसाठी आखलेला. दोन वर्षे शिकून व्याकरणाचे अर्धे नियम आले तर त्यांचा उपयोग शून्य. दोन वर्षांत सोपे पुस्तक वाचता आले तर तेवढे तरी गाठीला राहते. म्हणून त्यांनी वाचनाला अग्रस्थान दिले. बोलणे मागे टाकल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली, आणि ती अगदीच अनाठायी होती असे आम्ही म्हणणार नाही. पण गळणाऱ्या मुलाचा हिशेब मांडणारा हा प्रश्न साहेबाच्या कचेरीत सुचण्यासारखा नव्हता. तो वर्ग पाहिलेल्यालाच सुचला.

दुसरे ए. एस. हॉर्नबी. हे १९२४ साली इंग्रजी शिकवायला जपानात गेले. परभाषिक विद्यार्थी कोणत्या जागी ठेचाळतो हे तेथे रोज दिसत असल्यामुळे शब्दाच्या अर्थाबरोबर तो वाक्यात कसा बसतो हेही सांगणारा कोश त्यांनी सहकाऱ्यांसह तयार केला. तो १९४२ साली तोक्योत छापला गेला, आणि पुढे ऑक्सफर्डने काढल्यावर आपल्याकडेही घरोघरी पोहोचला. १९४६ साली इंग्रजीच्या अध्यापनाला वाहिलेले एक नियतकालिक सुरू झाले, त्याचे पहिले संपादक हेच. ते आजही चालू आहे.

तिसरे उदाहरण अगदी शेजारचे, बंगळूरचे. मद्रासला ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम करणारे एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतील मोजक्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे धडे क्रमाने द्यायचेच नाहीत. शिक्षकाने आगगाडीचे वेळापत्रक किंवा गावाचा नकाशा पुढे ठेवायचा आणि इंग्रजीत विचारायचे: ही गाडी चुकली तर पुढची कोणती, ती किती वाजता पोहोचेल? एक कोडे सर्वांनी मिळून सोडवायचे, तसेच दुसरे प्रत्येकाने आपापले. लक्ष कोड्यावर असते, भाषा वाटेत येत जाते, अशी त्यामागची धारणा. निम्म्या वर्गाला निम्मे कोडे सुटले तर ते योग्य बेताचे, असा त्यांचा ढोबळ मापदंडही होता.

प्रयोग सर्वांशी यशस्वी झाला काय? नाही. बाहेरच्या परीक्षकांनी काही बाबतींत अनुकूल, काही बाबतींत साशंक मत दिले, आणि शाळांतल्या नेहमीच्या शिक्षकांपैकी अनेकांच्या ती पद्धत पुरती अंगवळणी पडली नव्हती. आम्हाला प्रभूंचा मोठेपणा दिसतो तो त्यांच्या नंतरच्या लिखाणात. स्वतःची पद्धत हाती असलेला मनुष्य, त्याने १९९० साली लिहिले की सर्वोत्तम अशी पद्धत नसतेच. आपण जे करतो त्याने मुले का शिकतात, याविषयी प्रत्येक शिक्षकाची एक आतली समजूत असते. ती जिवंत असेल, अनुभवाने बदलत असेल, तर शिकवणे चांगले. ती विझली की उत्तमातली उत्तम पद्धतही यंत्रवत होते. आणि ती बदलते कशाने, तर दुसऱ्या शिक्षकाच्या समजुतीशी तिची गाठ पडली म्हणजे. त्यासाठी दुसऱ्याने ती कुठेतरी मांडलेली हवी.

आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची पाने सुटी झालेली प्रत होती. तिच्यात ठिकठिकाणी कागदाचे चिटोरे खोचलेले असत. एकदा फळा पुसायला गेलो असता आम्ही त्यांतला एक वाचला. 'मराठीत क्रियापद शेवटी, म्हणून मुले इंग्रजीतही शेवटी ठेवतात. रागावून उपयोग नाही. उद्या वाक्य तोडून चिठ्ठ्या करून देणे,' असे काहीसे होते. दुसऱ्या दिवशी खरोखरच चिठ्ठ्या आल्या, आणि आमच्या बाकावरच्या चौघांनी त्या जमिनीवर मांडून वाक्य जुळवले. पुढे मास्तर वारले तेव्हा आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. पाठमालेविषयी विचारले तर मुलगा म्हणाला, "अहो, ती पाने सुटीच झाली होती. दिवाळीच्या आधी रद्दीत घातली."