वर्गणी आणि दया : दिव्यांगांच्या उन्हाळी शिबिरासाठी पैसे कसे मागावेत?

एप्रिल लागला की आपल्या कोथरूडमध्ये सोसायट्यांच्या फलकांवर उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. पोहणं, नाटक, गिर्यारोहण, सगळं असतं. पण चाकाच्या खुर्चीवरचा मुलगा किंवा गतिमंद मुलगी यांना त्यात कुठे घेतील, हे विचारत फिरलं की उत्तरं अवघडलेली मिळतात. मग चार पालक एकत्र येतात आणि म्हणतात, आपणच शिबिर घेऊ. पहिला प्रश्न पैशांचा. हा प्रश्न हिशेबाचा आहे तितकाच नीतिशास्त्राचाही आहे, असं मला वाटतं. म्हणून आज दोन्ही बाजूंनी बघू.

सुरुवातीलाच एक आक्षेप येतो. उपचार, शाळा, नोकरी यांचीच बोंब आहे, तिथे शिबिर म्हणजे चैन नाही का? तर असं बघा. दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ साली झाला आणि भारताने त्याला २००७ मध्ये मान्यता दिली. त्याच्या ३० व्या कलमात खेळ, करमणूक आणि फुरसत यांना हक्क म्हटलं आहे. आपल्याकडच्या २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि त्यातही करमणुकीची तरतूद आहे. हे उगाच नाही. ज्याचा दिवस दुसऱ्यांच्या सोयीने ठरतो, त्याला आज काय करायचं हे स्वतः ठरवायची संधी शिबिरात मिळते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात १९५१ ते १९७७ या काळात 'कॅम्प जेनेड' नावाचं दिव्यांगांचं उन्हाळी शिबिर चालायचं. जुडी ह्यूमन तिथेच रमल्या. १९७७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत दिव्यांगांनी जवळजवळ चार आठवडे ठिय्या दिला, त्याच्या नेतृत्वात त्या होत्या आणि शिबिरातले काही सोबतीही त्यांच्याबरोबर होते. एकत्र राहण्याची सवय त्यांना शिबिराने लावली होती.

आता मागण्याची रीत. त्याच अमेरिकेत स्नायूंच्या दुर्धर आजारांसाठी काम करणारी एक मोठी संस्था मुलांची उन्हाळी शिबिरंही चालवते. विनोदी नट जेरी लुईस यांनी १९६६ पासून २०१० पर्यंत तिच्यासाठी दूरचित्रवाणीवर तासन्‌तास चालणारा कार्यक्रम केला. पैसा प्रचंड जमला. पण १९९० च्या सुमारास, लहानपणी याच संस्थेच्या जाहिरातींत झळकलेली काही मुलं मोठी होऊन रस्त्यावर उतरली. त्यांचं म्हणणं सरळ होतं : आमची कीव दाखवून तुम्ही पैसे जमवता, मग उद्या आम्हाला नोकरी कोण देईल? घर भाड्याने कोण देईल?

हा मुद्दा नीट समजून घ्या. शिबिर कशासाठी? माणसाला आपण इतरांच्या बरोबरीचे आहोत असं वाटावं म्हणून. आणि त्यासाठी पैसे गोळा करताना तो बिचारा आहे असंच सगळ्यांना सांगितलं, तर साध्य एकीकडे आणि साधन दुसरीकडे. कांट म्हणतो, वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा असते. देणाऱ्याने घेणाऱ्याला मिंधेपणा वाटू देऊ नये, हेही तो कर्तव्यच मानतो. गीतेच्या सतराव्या अध्यायातही दानाचे तीन प्रकार आहेत आणि अवमान करून दिलेलं दान तामस ठरवलं आहे.

मग मागायचं कसं? पुणेकरांना हे शिकवावं लागू नये. गणपतीची वर्गणी मागायला आलेली पोरं कधी "बिचारा गणपती" म्हणतात का? ती हक्काने मागतात, कारण उत्सव सगळ्यांचा असतो. वर्गणी म्हणजे वाटा. ती देणारा उपकार करत नाही, तो सामील होतो.

आपल्या महाराष्ट्रात याचं मोठं उदाहरण आनंदवनचं आहे. डॉ. विकास आमटे यांनी उभा केलेला 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद बघा. अंध, मूकबधिर, कुष्ठमुक्त कलाकार रंगमंचावर येतात, प्रेक्षक तिकीट काढून गाणं ऐकतात. पैसा जमतो तो कलेवर. बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला उन्हाळ्यातली श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तिथे तर उलटंच घडलं. शहरातली धडधाकट मुलं पाहुणी आणि ज्यांना समाजाने टाकलं होतं ते कुष्ठमुक्त लोक यजमान.

आता थोडा व्यवहार. समजा ३० शिबिरार्थी आहेत, ५ दिवस आहेत आणि सगळा खर्च ३ लाख रुपये आहे. म्हणजे एका माणसाच्या एका दिवसाचे २,००० रुपये. मदतनीस, व्हीलचेअर चढेल अशी बस, सोयीचं स्वच्छतागृह, हे त्यातच धरा आणि तसंच लोकांना सांगा. "एक दिवस तुमचा" असं म्हटलं की देणाऱ्यालाही कळतं. नोंदणीकृत न्यास नसेल तर वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्या. गणेश मंडळं घेतात तीच. प्राप्तिकराची सवलत हवी असेल तर २,००० रुपयांहून अधिक रक्कम रोख घेऊ नका. नव्या करप्रणालीत ही सवलत मुळात मिळतच नाही, तेही आधीच सांगा. आणि कोथरूडमध्ये घरटी कुणीतरी परदेशी, म्हणून एक खास सूचना. मुलगा भारतीय पासपोर्टवर तिकडे राहत असेल तर त्याची देणगी नेहमीच्या बँकमार्गाने चालते. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परकीय देणगी ठरते आणि त्यासाठी संस्थेला केंद्र सरकारची वेगळी परवानगी लागते.

शेवटचं. पत्रकावर कुणाचा फोटो टाकायचा, काय लिहायचं, हे ज्यांचं शिबिर आहे त्यांना विचारून ठरवा. त्यांच्यातला एकजण निधी समितीवर घ्या, वर्गणीला दारोदार जाताना त्यालाही बरोबर न्या. बोलता येत असेल तर त्यालाच बोलू द्या. शिबिर संपल्यावर जमाखर्चाचा कागद प्रत्येक वर्गणीदाराच्या हाती जाऊ द्या, म्हणजे पुढच्या वर्षी दार वाजवताना संकोच वाटणार नाही. काही प्रश्न असतील तर विचारा, आपल्याकडे थोडा वेळ आहे.