फोन आला, पण शंका कोणाला विचारायची?



गेल्या लागवडीच्या वेळची गोष्ट. देवळी गटातील आपले एक वयस्क सभासद बेणेप्रक्रिया करीत होते. मी बांधावर पोचलो तर बुरशीनाशक आणि जिवाणू संवर्धक दोन्ही एकाच ड्रममध्ये कालवलेले. "भाऊ, हे काय केलं?" असं विचारलं, तर म्हणाले, "साहेब, तुमीच तं फोनवर पाठवलं होतं. दोन्ही औषधंच व्हय ना, मंग येगयेगळं काहून करा लागते?"

चूक त्यांची नव्हती. संदेश मीच पाठविला होता. दोन्हींची नावे व प्रमाण वर, आणि आधी काय, मागून काय, ते अगदी शेवटच्या ओळीत. फोन नातवाचा. त्याने वरवर वाचून दाखविले आणि तो कॉलेजला निघून गेला. रासायनिक द्रावणात जिवाणू तग धरत नाहीत. म्हणून टिपऱ्या आधी बुरशीनाशकात बुडवून काढाव्यात, सावलीत निथळू द्याव्यात आणि नंतर दुसऱ्या ड्रममधील जिवाणूंच्या द्रावणात अर्धा तास ठेवाव्यात. समोर उभे राहून दाखविले तर दोन मिनिटांचे काम आहे. शिवाय टिपऱ्या बुडविण्याचे काम बहुधा बायाच करतात, आणि संदेश जातो पुरुषांच्या फोनवर. हे माझ्या आधी ध्यानात यायला हवे होते.

यंत्रामुळे शिक्षण सर्वांना मिळू लागले, असे हल्ली सगळीकडे ऐकू येते. त्यात तथ्य आहेच. 2004 च्या जानेवारीत सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या नंबरावर शेतकऱ्याला मराठीत फुकट सल्ला मिळतो. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली निघाले, त्याने नोकरी-शेती सांभाळून शिकणाऱ्यांची सोय केली. पण लक्षात घ्या, घरबसल्या शिकविणाऱ्या या विद्यापीठालासुद्धा गावोगावी अभ्यासकेंद्रे ठेवावी लागली.

याबाबत आपल्याच मराठी मुलखात एक प्रयोग फार पूर्वी होऊन गेला आहे. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने 150 गावांत रेडिओ शेतकरी मंडळे काढली. गावातील वीसेक माणसे आठवड्यातून दोनदा संध्याकाळी एकत्र बसत, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत आणि मग रेडिओ बंद करून त्यावर चर्चा करीत. शंका एकजण लिहून घेई, ती पुण्याला जाई आणि पुढच्या कार्यक्रमात उत्तर मिळे. असे वीस कार्यक्रम झाले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. तुलनेसाठी मंडळ नसलेली गावेही निवडली होती, काही रेडिओ असलेली, काही रेडिओच नसलेली. मंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत चांगली भर पडली. जेथे नुसताच रेडिओ होता, तेथे त्या मानाने फारच थोडी. पेटी तीच, आवाज तोच. फरक होता तो बसून बोलण्याचा.

2020 साली कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा हेच पुन्हा दिसले. ज्यांच्या घरी फोन व्यवस्थित होता त्यांची पोरं कशीबशी शिकली. सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून 'टिलीमिली' लागायची, ती मात्र ज्याच्याकडे टीव्ही आहे त्या प्रत्येकाला पाहता आली. पण शेजारी बसून "इथं चुकलं" म्हणणारे कोणी असेल तरच धडा डोक्यात उतरतो. घरात दोन पोरं आणि फोन एक, तोही बाप शेतावर घेऊन गेलेला, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांचा असेल.

आता आपल्या फडातील पोरांचे बोलू. बाहेरून आलेल्या टोळीच्या कोपीत फोन असतो, पण तो मुकादमाच्या निरोपासाठी आणि दिवसा बापाच्या खिशात. पहाटे आई-बाप कोयते घेऊन निघाले की आठ वर्षांची पोरगी धाकट्याला सांभाळते. तिला पडद्यावरची शाळा काय उपयोगाची? औरंगाबादच्या 'जनार्थ' संस्थेने कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालविल्या होत्या. त्या कोपीपाशीच होत्या म्हणून पोरं आली. आज शिक्षण हक्क कायद्याने गावची शाळा त्या पोरांना नाकारू शकत नाही, दाखला सोबत नसला तरी. पण शाळा कोपीपासून लांब असली तर पोहोचवायचे कोणी? ऊस आपला आहे, तेव्हा ही विचारणा मी आपल्यालाच करतो. फडाला रोज एखादी मोटारसायकल जातेच.

माझ्यापुरते मी असे ठरविले आहे. फोनवरचे संदेश चालूच राहतील, पण दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता देवळी गट कार्यालयात तो संदेश मोठ्याने वाचला जाईल आणि ड्रम, टिपऱ्या समोर ठेवून करून दाखविला जाईल. भगिनींनी अवश्य यावे, प्रत्यक्ष काम त्याच करतात. टोळीच्या कोपीत शाळेच्या वयाची पोरं किती आहेत, हेही सभासदांनी त्या दिवशी सांगावे म्हणजे मी यादी शाळेत नेऊन देईन. ज्यांना येणे जमणार नाही त्यांनी आपली शंका स्लिपबॉयजवळ द्यावी. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावी, तो वहीत उतरवून घेईल.

— ऊस विकास अधिकारी